गाडीत सगळे हसतात, मी सोडून

पत्र थोडक्यात

मनीषनगर, नागपूरहून एका वाचकांनी लिहिलंय. वय ३६, नोकरी मिहानमध्ये. बायको तेलुगू, माहेर हनमकोंड्याचं. हैदराबादला नोकरीत ओळख झाली, लग्नाला सहा वर्षं झाली, मुलगी साडेचार वर्षांची आहे. घरी यांचे आई-वडील असतात. नवरा-बायको आपसात हिंदीत बोलतात. सून सासू-सासऱ्यांशी कामापुरत्या मराठीत आणि मुलीशी तेलुगूत बोलते. हे स्वतः मुलीशी हिंदीतच बोलतात, "आता सवयच पडली."

गेल्या हिवाळ्यात दोन्हीकडचे आई-वडील, मेहुणी, साडू आणि हे तिघे असे नऊ जण टेम्पो ट्रॅव्हलर करून वरंगळ, रामप्पा, भद्राचलम फिरून आले. ते लिहितात: "पूर्ण गाडी तेलुगूत बोलायची आणि हसायची. मी ‘क्या हुआ’ विचारलं की बायको म्हणायची, ‘बाद में बताती हूँ.’ तो ‘बाद’ कधी आलाच नाही. आईही पूर्ण वेळ खिडकीशी बसून होती. तिसऱ्या दिवशी मी मोबाइल काढून बसलो, रात्री हॉटेलात भांडण झालं. ती म्हणाली, ‘कितनों का ट्रान्सलेशन करूँ मैं? मेरा खाना ठंडा हो गया, किसी ने देखा भी नहीं.’ मला कळेना, विषय काय आणि ही बोलतेय काय."

घरी वेगळंच. बायको संध्याकाळी स्वयंपाक करताना तिच्या आईशी फोनवर बोलते, तेव्हा यांच्या आई म्हणतात, "आपल्याचबद्दल बोलत असन, मले काय समजते बाप्पा!" मुलगी आजीला मधूनच तेलुगूत उत्तर देते. शाळेतल्या बाईंनी सांगितलं की ती भाषा मिसळते, घरी एकच भाषा ठेवा. हे बायकोला सांगितलं, तर तिनं दोन दिवस अबोला धरला.

आता सासऱ्यांनी सुचवलंय की नाताळच्या सुट्टीत आम्ही नागपूरला येतो, तिथून सगळे पचमढीला जाऊ. आईचं म्हणणं, "तुम्हीच जा."

म्हणून तीन प्रश्न. सगळे एकत्र असताना फक्त हिंदी बोलायची असा नियम करावा का? मुलगी मराठी विसरू नये म्हणून घरी फक्त मराठी ठेवावी का? आणि सहल एकत्र करावी, की आपापल्या आई-वडिलांना वेगवेगळं न्यावं? शेवटी लिहिलंय, "मी तेलुगूच्या विरोधात नाही. पण माझ्याच माणसांच्या गाडीत मी पाहुणा का?"

उत्तर

तुमचं शेवटचं वाक्यच आधी घेते, कारण मला वाटतं अर्धं उत्तर तिथंच आहे. त्या गाडीत तुम्ही पाहुणे होतातच, आणि भाषेच्याही आधी तुम्हाला नात्यानं पाहुणं केलं होतं. तिकडे जावयाचे लाड आपल्याहून चार पावलं पुढे असतात. बॅग उचलू देत नाहीत, डिझेलचे पैसे देऊ देत नाहीत, पानात काय वाढू नि काय नको होतं. हे सगळं प्रेमानंच. पण ज्याला कुणी काम सांगत नाही, त्याला सहलीत खिडकीबाहेर बघणं आणि लोक कशाला हसले ते विचारणं, एवढंच उरतं. भाषा येत नसली तरी हातात काम असलेला माणूस सहसा एकटा पडत नाही. ड्रायव्हरशी रस्त्याचं ठरवणारा, चहा कुठे प्यायचा ते बघणारा, लहानग्यांना पाणी देणारा माणूस त्या टोळीतला होतो. तुमच्या पत्रात अशी एकही गोष्ट नाही जी त्या चार दिवसांत तुमच्यावर सोपवलेली होती.

तुम्हाला वाईट वाटलं ते खोटं नाही. सगळे खळखळून हसतायत आणि आपण ओठांवर हसू ठेवून एकेकाचा चेहरा वाचतोय, ही अवस्था माणसाला लहान करते. आपल्यालाच हसत असतील, असंही मनात येऊन जातं. ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण येतंच.

आता ते थंड झालेलं जेवण. तुम्ही ते सहज लिहून गेलात आणि विषय कुठला कुठे नेला म्हणून बायकोला दोषही दिलात. माझ्या मते विषय तोच होता. भद्राचलमच्या त्या हॉटेलातलं टेबल डोळ्यांसमोर आणा. तुमची आई विचारते, यातली कमी तिखट भाजी कोणती. सून वेटरला तेलुगूत विचारते आणि मराठीत सांगते. तिची आई विचारते, विहीणबाईंना दहीभात चालेल का. ते मराठीत विचारायचं, उत्तर तेलुगूत न्यायचं. मुलीला पापड हवाय. तुमच्या वडिलांना गोळी घ्यायचीय, गरम पाणी मागवायचंय. मेहुणी काहीतरी टाकून बोलते, सगळे हसतात, आणि तेवढ्यात तुम्ही विचारता, ‘क्या हुआ?’ तीन भाषा, नऊ माणसं, तोंड एक. आणि विनोद समजावून सांगणं हे भाजीचं नाव सांगण्याइतकं सोपं नसतं. आधी कोण कुठला मामा ते सांगावं लागतं, मग त्यानं वीस वर्षांपूर्वी काय केलं ते. ‘बाद में बताती हूँ’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की आत्ता माझ्यात त्राण नाही.

तुम्ही गाडीत एकटे पडलात हे जसं खरं, तसं त्याच गाडीत ती एकटीच राबत होती हेही खरं. दोघांची तक्रार एकच आहे: दुसऱ्यानं पाहिलं नाही.

या कामासाठी दुसरं कुणी नव्हतं का? तुमच्या पत्रावरून सासरे काझीपेटहून रेल्वेतून निवृत्त झालेत. रेल्वेतल्या माणसाला हिंदी येते, आणि वरंगळ-हनमकोंड्याकडे हैदराबाद संस्थानाच्या काळापासून उर्दू-हिंदी कानावर असतेच. साडू हैदराबादला नोकरी करतो. म्हणजे गाडीत हिंदी जाणणारे निदान दोघे पुरुष बसले होते, आणि प्रत्येक ‘क्या हुआ’ मात्र बायकोच्याच दिशेनं गेला. पुढच्या वेळी साडूला विचारा. खांद्याला खांदा लावून बसा आणि म्हणा, ‘भाई, ये मामा कौन है?’ तो सांगेल, रंगवून सांगेल, कारण गोष्ट सांगायला ऐकणारा मिळाला की माणूस खूश होतो. तुमच्या बायकोचा हात तेवढाच मोकळा होईल.

फोनचं

तुमच्या आईंचा संशय मला परका नाही. आपल्या स्वयंपाकघरात आपल्याला न कळणारी भाषा चालली, की कुणालाही चुळबुळ होते. पण जरा हिशेब मांडा. तुमची बायको ऑफिसात इंग्रजी-हिंदी बोलते, तुमच्याशी हिंदी, सासू-सासऱ्यांशी मराठी, भाजीवाल्याशी नागपुरी हिंदी. अख्ख्या घरात तिच्या भाषेत बोलायला साडेचार वर्षांची एक मुलगी आणि एक फोन, एवढंच आहे. तुम्ही चार दिवस जे सोसलंत ते ती सहा वर्षं सोसतेय, आणि तिनं मोबाइल काढून बसायचं ठरवलं असतं तर घर चाललं नसतं.

आईंना समजावण्याचं काम बायकोवर टाकू नका. ‘माझ्या आईला सांग ना, काय बोलत होतीस’ असं म्हटलंत की तो जाब होतो. त्यापेक्षा फोन चालू असताना कधीतरी तुम्हीच मध्ये डोकवा, स्पीकर लावायला सांगा, सासूबाईंना ‘बागुन्नारा?’ विचारा, म्हणजे बऱ्या आहात ना. मग आईंच्या हातात फोन द्या. दोघी बोलणार काय, असं वाटेल तुम्हाला. मला वाटतं या दोघींकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त विषय आहेत. दोघींचं पंचांग एकाच वळणाचं. आपला पाडवा आणि त्यांची उगादी एकाच दिवशी, दोन्हीकडे कडुनिंब. आपला श्रावण लागतो त्याच दिवशी त्यांचाही लागतो. उत्तरेकडच्या शेजारणीचा मात्र पंधरा दिवस आधी लागतो, त्यामुळे व्रताच्या तारखा तिच्याशी जुळत नाहीत. त्यांच्याकडे नवरात्राच्या दिवसांत बतुकम्मा असते. तरवडाच्या पिवळ्या फुलांचे थर रचायचे आणि बायकांनी भोवती फेर धरून गाणी म्हणायची. तुमच्या आई लहानपणी भुलाबाईची गाणी म्हणत आणि खिरापत ओळखत मोठ्या झाल्या असतील, तर त्यांना यातलं काही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. व्हिडिओ कॉलवर फुलं दाखवा. शब्द तुटके असले तरी चालतात. आणि जिच्याशी आपण परवाच बोललो, तिच्या फोनवर संशय जरा कमी येतो.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवते. भाषेचा आडोसा करून घराच्या पैशाचे निर्णय होत असतील, तुमच्या आई-वडिलांची त्यांच्या समोरच टवाळी होत असेल, तर ते भाषेचं दुखणं नव्हे आणि त्यावर भाषेचं औषध चालणार नाही. त्यावर नवरा-बायकोनं समोरासमोर बसूनच बोलायला हवं. तुमच्या पत्रात तशी एकही खूण मला दिसली नाही. दिसली असती तर सरळ लिहिलं असतं.

मुलीचं

शाळेतल्या बाईंचा हेतू चांगला असेल, सल्ला मात्र जुना आहे. दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं शब्द मिसळतात आणि ते गोंधळल्याचं लक्षण मानलं जात नाही. जो शब्द आधी हाताशी येतो तो मूल वापरतं. पाच-सहा वर्षांपर्यंत कुणाशी काय बोलायचं हे ते बऱ्यापैकी वेगळं काढायला लागतं. तुमची मुलगी आजीला चुकून तेलुगूत उत्तर देते, पण शेजारच्या मुलांशी खेळताना तेलुगू बोलते का? लक्ष ठेवून बघा. अनेक भाषांमुळे बोलायला उशीर होतो, ही समजूतही टिकलेली नाही. खरी अडचण असेल तर ती सगळ्याच भाषांत दिसते: दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर वळत नाही, चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्याला जवळपास कळतच नाही. असं असेल तर भाषा कमी करत बसू नका. आधी कान तपासून घ्या, मग वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जा. आपल्या सरकारी रुग्णालयांत, मेडिकलला किंवा मेयोला, कान-नाक-घसा विभागात सुरुवात करता येते. तुमची मुलगी तीन भाषांत भांडते असं तुम्हीच लिहिलंय. तिची मला काळजी वाटत नाही.

पण एक वाक्य मी दोनदा वाचलं. ‘मी तिच्याशी हिंदीतच बोलतो, सवयच पडली.’

अहो, मग मुलीची मराठी कमी पडते याचा जाब तेलुगूला का? तुमच्या घरात मराठीची जागा तेलुगूनं घेतलेली नाही. ती हिंदीनं घेतलीय, आणि ती तुमच्या तोंडून आलीय. नागपुरात हे फार सहज होतं. दोन मराठी माणसं बर्डीवर ऑटोवाल्यासमोर उभी राहिली की तिघंही हिंदी बोलतात, आणि ऑटोवाला पुन्हा मराठीच निघतो. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि कारभार हिंदी-मराठी दोन्हींत चाले. ती सवय आपल्या जिभेत मुरलीय, आणि मला तिचा राग नाही. पण बापाची भाषा मुलीला बापानंच द्यावी लागते. आजी-आजोबांवर ते काम सोपवून चालत नाही.

मराठीच्या भवितव्याची एवढी धास्ती बाळगायचं कारण नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८.३ कोटी होते आणि तेलुगू सांगणारे सुमारे ८.१ कोटी. देशात दोन्ही तोडीस तोड. तुमच्या मुलीच्या रोजच्या दिवसात मात्र मराठी आजी-आजोबांकडून येते, गल्लीतून येते, आणि २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं असल्यानं पुढे पुस्तकातूनही येणार आहे. तेलुगू येते ती एकाच माणसाकडून. घरात फक्त मराठी ठेवलीत तर मुलगी मराठी थोडी लवकर शिकेल आणि अम्मम्माशी, म्हणजे आईच्या आईशी, बोलणं हळूहळू गमावेल. हा सौदा मला महागाचा वाटतो. तुमच्या बायकोचा दोन दिवसांचा अबोला मला समजतो. ‘एकच भाषा ठेवा’ म्हणजे माझी काढा, असंच तिला ऐकू आलं असणार.

तेव्हा नियम करायचाच असेल तर स्वतःवर करा. आजपासून मुलीशी मराठी. एकदम सगळा दिवस जमणार नाही, म्हणून जागा ठरवून घ्या: शाळेत सोडताना गाडीवर, आंघोळीच्या वेळी, रात्रीच्या गोष्टीला. ती हिंदीत उत्तर देईल. देऊ द्या. ‘मराठीत बोल’ असं टोकू नका, तुम्ही मराठीत बोलत राहा. पहिले काही आठवडे तुम्हालाच खोटं खोटं वाटेल, नाटक केल्यासारखं. मग ती एक दिवस मराठीत हट्ट करेल आणि तुम्हाला कळेल की जमतंय.

आणि त्याच मुलीकडून तुम्ही तेलुगू शिका. सहा वर्षांत का शिकला नाहीत ते विचारत नाही, हिंदीत भागत होतं म्हणून. आता मात्र शिका, पण बोलण्यासाठी शिकू नका, आधी कळण्यासाठी शिका. गाडीत तुम्हाला भाषण करायचं नाही, लोक कशाला हसले ते कळायला हवंय. मराठी आणि तेलुगू एका कुळातल्या नाहीत, त्यामुळे बंगाली किंवा गुजरातीसारखी अंदाजानं कळणार नाही. पण वाक्याच्या शेवटी क्रियापद येण्याची चाल ओळखीची आहे आणि संस्कृतातून आलेले शब्द पावलोपावली भेटतात. लिपीची बाराखडीही आपल्याच क्रमानं लावलेली, क-ख-ग-घ. सासुरवाडीला रेल्वेनं जाताना बल्लारशा मागे टाकून गाडी तेलंगणात शिरली की स्टेशनांच्या पाट्यांवर तेलुगू दिसायला लागते. सिरपूर कागजनगर, मंचेरियाल, रामगुंडम, काझीपेट. नावं माहीत आहेत, अक्षरं वरच लिहिलीयत. मुलीला मांडीवर घेऊन वाचत जा. तिची पण ओळख होईल आणि तुमची पण.

हिंदीच्या नियमाचं

सगळे असताना फक्त हिंदी. वरवर न्याय्य वाटतं, कुणाचीच भाषा नाही म्हणजे सगळ्यांची. पण तुमच्या टेबलाभोवती बघा. हिंदी तुम्हाला सोपी, तुमच्या आई-वडिलांना चालते, सासऱ्यांना आणि साडूला येते, बायकोला येते. सासूबाईंना येत नाही. म्हणजे या नियमानं गप्प होणार ती एकच बाई, आणि तीही आपल्या मुलीच्या, नातीच्या शेजारी बसून. शिवाय साठीच्या माणसाला आपल्या बहिणीची गंमत हिंदीत सांगायला लावलीत तर गंमत तिथंच संपते. चार वाक्यांनंतर गाडी पुन्हा तेलुगूवर येईल, तुम्ही ‘हिंदी, हिंदी’ करत राहाल आणि सहलीचे मास्तर व्हाल.

माझ्या पाहण्यात जे टिकतं ते थोडं वेगळं आहे. निर्णय सगळ्यांना कळेल अशा भाषेत, गप्पा ज्याच्या त्याच्या भाषेत. किती वाजता निघायचं, कुणाची खोली कुठली, पैसे कसे वाटायचे, मुलीला ताप असेल तर डॉक्टरकडे न्यायचं की नाही, हे हिंदीत, आणि सासूबाईंना साडूनं किंवा सासऱ्यांनी तेलुगूत सांगायचं. मामाच्या गोष्टी तेलुगूतच होऊ द्या. फार तर एवढं मागा की मोठा हशा झाला तर कुणीतरी एका वाक्यात तिथल्या तिथे सांगावं. ते ‘कुणीतरी’ दरवेळी बायको नसावी. आणि जेवायला बसल्यावर पहिली पंधरा मिनिटं तिला कुणी काही विचारायचं नाही, हे तुम्ही स्वतः सगळ्यांना सांगा. मराठीत आईंना, हिंदीत सासऱ्यांना. तिनं सांगितलं तर तक्रार होईल, जावयानं सांगितलं तर लोक ऐकतात. जावईपणाचा तेवढा उपयोग करून घ्या.

जरीपटक्यातले सिंधी, रेल्वेच्या नोकरीनं इथं आलेले बंगाली, छत्तीसगडकडचे लोक असं सगळं या शहरात आहे, त्यामुळे भाषेचं नाव बदलून हेच पत्र मला इतरही घरांतून येऊ शकतं. त्यांनाही बरंचसं हेच सांगेन. अपवाद मराठी-हिंदी जोडप्यांचा. तिथं दोघांनाही दोन्ही कळतात, म्हणून कुणी एकटं पडत नाही आणि भांडणही होत नाही, आणि दहा वर्षांनी घरात मराठी फक्त पंचांगापुरती उरते. त्या घरांतून कुणी मला लिहीत नाही. खरं तर त्यांनी लिहायला हवं.

सहलीचं

वेगवेगळं जाणं हा काही गुन्हा नाही. दरवर्षी नऊ जणांनी एकत्रच फिरायचं असा कुणी वसा घेतलेला नाही. एखाद्या वर्षी तुम्ही आई-वडिलांना घेऊन कुठं तरी जा, एखाद्या वर्षी बायको-मुलगी आठ दिवस हनमकोंड्याला राहू देत आणि तुम्ही तिथं शेवटचे दोन दिवस जा. पण रुसून वेगळं झालात तर पुढच्या वर्षी पुन्हा एकत्र यायला निमित्त शोधावं लागेल. यंदा सासरे स्वतःहून इकडे यायचं म्हणतायत. गेल्या वेळचं खिडकीशी बसलेलं माणूस त्यांनीही पाहिलं असेल. मला त्यांचा हा प्रस्ताव समजूतदार वाटला, आणि मी जायच्या बाजूची आहे.

जागाही चांगली सुचवलीय. पचमढी दोघांच्याही घरची नाही. वेटरशी हिंदीत बोलायचं, म्हणजे ते काम तुमच्याकडे येतं. आणि विदर्भातल्या घराला पचमढी म्हणजे आधी महादेव आणि मग हिल स्टेशन. नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारच्या यात्रेला इथून माणसं लोटतात, चौरागडाला त्रिशूळ घेऊन जाणाऱ्यांतही आपलेच लोक. या वेळी सांगायच्या गोष्टी तुमच्या आई-वडिलांकडे असतील आणि हनमकोंड्याचे लोक ‘क्या हुआ’ विचारतील. त्यांना सांगायचं काम तुमचं. दोन दिवस केलंत की बायकोचं थंड झालेलं ताट वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

एका बारीक गोष्टीकडे लक्ष ठेवा. तिथं फिरायला जिप्सी करतात आणि नऊ माणसांना दोन लागतील. आपोआप काय होईल? एक जिप्सी तेलुगू, एक मराठी. तसं होऊ देऊ नका. दोघे आजोबा आणि साडू एकीत, वाटल्यास पत्त्यांचा जोड घेऊन. दोघी आज्या, नात आणि तुम्ही दुसरीत. बायको आणि तिची बहीण कुठल्याही जिप्सीत, पण एकत्र, आणि निदान एक संध्याकाळ त्या दोघींना कुणीही सोबत न घेता धूपगडाला सूर्यास्त बघायला पाठवा. मुलगी तुमच्याकडे राहील. नऊ माणसांच्या सहलीत दोघी बहिणींना अशी संध्याकाळ दुसरं कुणी देणार नाही.

राहता राहिलं आईंचं ‘तुम्हीच जा’. तुम्ही ते भाषेच्या खात्यात टाकून मोकळे झालात. मला तेवढी खात्री नाही. बायकांच्या या वयात ‘तुम्हीच जा’च्या मागे गुडघे असतात, रस्त्यातली संडासं असतात, थंडी असते, दुसऱ्याच्या पैशानं फिरण्याचा संकोच असतो. कधी कधी एवढंच असतं की मागच्या वेळी मला कुणी विचारलं नाही. त्यांना ‘का येत नाहीस’ असं विचारू नका, त्याला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळतं. विचारा, ‘आलीस तर काय काय लागेल?’ मग यादी निघेल. चौरागडाच्या पायऱ्या हजाराच्या वर आहेत, त्या कुणावर लादू नका. बी फॉललाही उतरून पुन्हा चढावं लागतं. बडा महादेव आणि पांडव गुंफा एवढं केलं तरी दोघी आज्यांचा दिवस भरतो. नागपूरहून सावनेर, छिंदवाडा, तामिया असा रस्ता आहे, सुमारे अडीचशे किलोमीटरचा. तामियाच्या आसपास घाट लागतो, मुलीला गाडी लागत असेल तर त्याच्या आधी पोटभर खाऊ घालू नका. थांबे आधीच ठरवा, स्वच्छ संडास असलेले, आणि ते ड्रायव्हरला तुम्ही सांगा.

नाताळात पचमढीच्या खोल्या लवकर भरतात. तळमजल्यावरच्या दोन खोल्या मागून घ्या, दोन्ही आज्यांसाठी. आणि बुकिंगचे पैसे सासऱ्यांनी भरायच्या आधी तुम्ही भरा. ते रागावतील. रागावू द्या.